वामननाना बिल तपासतात

चौकातल्या मोठ्या सुपरमार्केटमधून तुम्ही सामानाच्या पिशव्या सांभाळत बाहेर पडताय, आणि दाराशी पांढरा शर्ट, खाकी पँट घातलेला एक उंच, सडपातळ म्हातारा तुमच्यापुढे तळहात पसरतो.

"बिल दाखवा."

आवाजात विनंती नसते, दमही नसतो. असते ती नुसती खात्री. तुम्ही मुकाट्याने पिशवी खाली ठेवता, खिसे चाचपता आणि बिल काढून त्याच्या हातावर ठेवता. तो कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो, बिल वरपासून खालपर्यंत वाचतो, मध्येच "तूरडाळ... हं" असं काहीतरी पुटपुटतो, बिल परत देतो आणि म्हणतो, "चला."

तुम्ही चालू लागता. थोडक्यात सुटलो, असंसुद्धा तुम्हाला वाटून जातं.

हे आमचे शेजारी वामननाना. त्या दुकानात ते नोकरीला नाहीत, मालकाचं नाव त्यांना ठाऊक नाही. एस.टी.त ते तिकीट तपासनीस होते. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही फाट्यावर उन्हात उभं राहायचं, हात करून गाडी थांबवायची आणि आत शिरून लोकांचे चेहरे वाचत पुढे सरकायचं, ही त्यांची उभी नोकरी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पसरलेला हात मागे घ्यायचं राहून गेलं.

मी शाळामास्तर. पाचोऱ्याहून बदली होऊन जळगावला आलो आणि नानांच्या शेजारचं घर भाड्याने घ्यायला गेलो, तेव्हा कुंपणापलीकडून पहिला प्रश्न आला.

"भाडं किती सांगितलं?"

मी सांगितलं.

"हं. आणि तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"लगेच?"

"हो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "आठे काहीतरी शे," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

नाना मूळचे पिंपळनेरकडचे. एरवी बोलणं शहरी मराठी, पण संशय आला की अहिराणी. आणि संशय त्यांना सकाळच्या दुधापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत येतच असतो. 'आठे काहीतरी शे' म्हणजे इथे काहीतरी काळंबेरं आहे. ते काय आहे हे शोधणं पुढचं काम, आणि त्यासाठी नानांकडे वेळच वेळ. संशय घरमालकाचा होता की माझा, हे मला अजून कळलेलं नाही.

जळगावात आधी चौकातलं सुपरमार्केट आलं, मग बायपासवर दुसरं उघडलं. चौकातलं म्हणजे चकाचक काचा, गारवा, हळू आवाजात गाणी, दारात हात जोडून उभी असलेली मुलगी. बायपासवरचं म्हणजे गोदामच. खोकी फाडून तशीच मांडलेली, पंखे घरघरणारे, पिशवी घरून न्यायची, आणि प्रत्येक वस्तूवर छापील किमतीच्या खाली लाल आकड्यांत कमी किंमत. सगळ्या कॉलनीत त्या दिवसांत एकच चर्चा होती, कुठे काय स्वस्त. लोक दोन्हीकडे जाऊन यायचे, आपापल्या सोयीचं दुकान ठरवायचे आणि विषय संपवायचे.

नानांचा विषय तिथून सुरू झाला.

"महाग विकणारा माले समजतो," ते मला म्हणाले. "तो उघड कापतो. स्वस्त विकणाऱ्याचं काय? तो कुठे कापतो, ते सापडायला पाहिजे."

ते शोधण्यासाठी माझी मोटारसायकल कामाला लागली. शाळा सुटून मी घरी येतो न येतो तोच नाना फाटकाशी उभे. "मास्तर, बायपासले जाताय ना?" मी कुठेच जाणार नसायचो. पण नानांच्या आवाजापुढे नाही म्हणणं मला जमत नाही. बिल काढून देणाऱ्या त्या लोकांसारखाच मीही.

पहिल्या खेपेला त्यांनी बायपासवरच्या दुकानात तूरडाळीचं पाकीट उचललं, खिशातून आकड्याचा छोटा वजनकाटा काढला आणि पाकीट त्याला टांगलं. आजूबाजूच्या बायका थबकल्या. काटा हलला, थांबला. वजन बरोबर. नानांनी दुसरं टांगलं. बरोबर. तिसरं टांगलं.

"बरोबर आहे की नाना," मी म्हटलं.

"तेच तर," नानांनी आवाज खाली आणला. "वजन बरोबर शे म्हणजे गडबड दुसरीकडे शे."

मग डाळ किती वेळात शिजते ते बघायला नानांनी दोन्ही दुकानांतलं एकेक पाकीट आणून अक्कांना दिलं. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी, माहेर धरणगावचं, ठेंगण्या, हसऱ्या. नानांबरोबरच्या संसारात त्यांनी एकच शस्त्र वापरलं, हसणं. त्यांनी दोन्ही पाकिटं एकाच डब्यात ओतली आणि डबा हलवला.

"आता ओळखा कोणती कुठली ते," त्या म्हणाल्या.

नाना दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. डाळ मात्र दोन्ही दिवस खाल्ली.

चौकातल्या दुकानाबद्दल त्यांचे संशय निराळे. दारातल्या मुलीने नमस्कार केला की ते मला विचारायचे, "ह्या नमस्काराचे पैसे कोणाच्या बिलात जातात?" गाणी हळू का लावतात? तर माणूस हळू चालावा म्हणून. दूध सगळ्यात मागे का ठेवतात? तर तिथवर जाताना बिस्किटं दिसावीत म्हणून. एकावर एक फुकट साबण दिसला की ते तो जागीच ठेवायचे आणि एखाद्या फुकट्या प्रवाशाकडे बघावं तसे त्या दुसऱ्या साबणाकडे बघायचे. "हा बिगरतिकीट बसलेला नाही. ह्याचं भाडं पहिल्याकडून घेतलेलं शे."

एकदाच त्यांना मुद्देमाल सापडला. एकाच कंपनीचं, एकाच रंगाचं बिस्किटाचं पाकीट. बायपासवर थोडं स्वस्त, चौकात थोडं महाग. नानांनी दोन्ही पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली. स्वस्त पाकिटात माल थोडा कमी होता. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. रस्ताभर ते मागच्या सीटवरून माझ्या कानात सांगत होते, "बठ्ठा खेळ शे मास्तर! सगळा खेळ!" घरी येऊन पाकिटं अक्कांपुढे ठेवली. अक्कांनी फरक वाचला आणि म्हणाल्या, "एवढा तर तुमच्या शर्टावर चुरा सांडतो."

आणखी एक गोष्ट. बिल करताना काउंटरवरची मुलगी मोबाइल नंबर विचारते. नानांना आपला नंबर कोणाला द्यायचा नाही. पण नंबर दिल्याशिवाय सूट मिळत नाही, हेही त्यांना कळलेलं. मग त्यांनी माझा नंबर दिला. दोन्ही दुकानांत. त्यामुळे आजही पहाटे पहाटे माझ्या फोनवर खोबरेल तेलाच्या आणि तांदळाच्या जाहिराती येतात, आणि नानांनी दिलेल्या खोट्या जन्मतारखेला दोन्ही दुकानं मला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतात.

आता खरी गंमत पुढे आहे. एवढी तपासणी करून नाना महिन्याचा किराणा घ्यायचे कुठून? दोन्हीकडून नाही. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी केवलचंद शेठचं जुनं किराणा दुकान होतं, तिथून. आणि त्या केवलचंद शेठशी नानांचं रोज भांडण.

हे भांडण कॉलनीचं घड्याळ होतं. उन्हं उतरली की नाना चप्पल घालून निघायचे. शेठ गादीवर बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी, गुडघ्यांवर घडी केलेलं उपरणं. मारवाडातून त्यांचे आजोबा आले, त्यानंतर सगळं घराणं इथलंच. शेठना मारवाडी, हिंदी, मराठी, अहिराणी सगळं यायचं आणि भांडताना ते चारही वापरायचे.

"शेठ, शेंगदाणा काय भाव?" नाना दुकानाच्या पायरीवरूनच ओरडायचे.

शेठ पाटीकडे बोट करायचे. भाव खडूने लिहिलेले.

"लाज वाटत नाही? बायपासले काय भाव शे माहीत शे का?" आणि नाना बायपासचा भाव सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा सांगायचे. मग चौकातला. मग गूळ, साबुदाणा, तेल, दोन्हीकडचे भाव ओळीने. सगळं तोंडपाठ.

"तो फिर वहीं से लो ना! माझ्या छातीवर कशाला बसता?"

"मी कुठून घ्यायचं ते तुम्ही नका सांगू. लुटता लोकांना!"

"नाना, नोकरी सुटली तुमची. आता मोटारीतून उतरा!"

येणारे-जाणारे हसायचे. मीही हसायचो. दोन म्हाताऱ्यांची करमणूक, यापलीकडे मला त्यात काही दिसलं नव्हतं.

मग एके दुपारी मधल्या सुट्टीत मला फोन आला. चौकातल्या सुपरमार्केटमधून. "सर, तुमच्या नंबरवर नोंद असलेले एक काका इथे बसवून ठेवलेत. तुम्ही येऊ शकाल का?"

मी शाळेतून तसाच गेलो. आतल्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला टाय लावलेला तरुण मॅनेजर, दुसऱ्या बाजूला नाना. दोघंही एकमेकांकडे इतक्या संशयाने बघत होते की कोणी कोणाला पकडलंय ते क्षणभर कळेना.

"सर, हे गृहस्थ आमच्या गिऱ्हाइकांची बिलं तपासतात," मॅनेजर म्हणाला. "लोकांना वाटतं आमचेच माणूस आहेत. आम्ही कॅमेऱ्यात पाहिलं, बरेच दिवस चाललंय हे. आत येतात, सगळे भाव वाचतात, फारसं काही घेत नाहीत. सरळ विचारतो, हे बायपासवाल्यांसाठी काम करतात का?"

"मी बायपासवाल्यांचीही बिलं तपासतो," नाना ताठ बसून म्हणाले.

"पण तुम्हाला अधिकार काय?"

"मी मागितलं, लोकांनी दाखवलं. न दाखवणाऱ्याला मी कधी दंड केला का? विचारा कोणालाही." मग ते टेबलावर वाकले. "आणि तुम्ही लोकांना कॅमेऱ्यातून बघता, ते कोणाला विचारून?"

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. शेवटी ठरलं असं की नानांनी पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. रखवालदाराला बोलावून नानांचा चेहरा नीट बघून ठेवायला सांगितलं. नानांनीही रखवालदाराचा चेहरा नीट बघून ठेवला.

मला वाटलं, म्हातारा माणूस, अपमान लागला असेल. बाहेर आल्यावर मी समजुतीचं काही बोलणार, तोच नाना म्हणाले, "मास्तर, आत जा. तेलाचा आणि साबुदाण्याचा आजचा भाव बघून या. तेवढंच राहिलंय."

"नाना, आता कशाला? तुम्ही तर इथून महिन्याचा किराणा घेतही नाही."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला. का कोण जाणे, मी आत जाऊन दोन्ही भाव बघून आलो.

परत येताना त्यांनी शेठच्या दुकानापुढे गाडी थांबवायला लावली. उतरले आणि पायरीवरून सुरू झाले. "लाज वाटत नाही? चौकात आज साबुदाणा काय भाव शे माहीत शे का?" शेठही उसळले. मी गाडीवर बसून बघत होतो. या वेळी मी नानांकडे न बघता शेठकडे बघितलं. तोंडाने शेठ नानांवर आग पाखडत होते, आणि हात मात्र मागे गेला होता. त्या हाताने त्यांनी ओलं फडकं घेतलं, पाटीवरचा साबुदाण्याचा भाव पुसला आणि न बघताच नवा लिहिला. नानांनी सांगितलेल्या भावाच्या अगदी जवळचा.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वामननानांचाच संशय आला.

मी घरी न जाता आधी अक्कांकडे गेलो. त्या अंगणात शेवया वाळत घालत होत्या. मी पाहिलं ते सांगितलं, तर त्या हसल्या.

"तुम्हाला आत्ता कळलं? शेठचे गुडघे गेले, ते कुठे जाणार भाव बघायला. आणि त्या मॉलमध्ये पाय ठेवायचा नाही, ही त्यांची आन. गिऱ्हाईक तर निम्म्यावर आलं. यांनी जाऊन सरळ सांगितलं असतं की बाबा, एवढा भाव लाव, तरच लोक येतील, तर शेठने ऐकलं असतं का? उलट म्हणाले असते, मला धंदा शिकवता? म्हणून हे ओरडून येतात."

"म्हणजे त्या मॅनेजरचा संशय खरा होता. नाना हेर होते."

"होतेच," अक्का म्हणाल्या. "फक्त कोणाचे, ते ओळखायला तो चुकला."

"शेठना माहीत आहे?"

"न कळायला ते काय लहान आहेत? पण दोघांनीही एकमेकांना कधी सांगितलं नाही. तुम्हीही बोलू नका."

मी बोललो नाही. पण पुढे फार दिवस ते चाललंही नाही. शेठ एकदा पोतं ओढताना पडले. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. धुळ्याला मोठा मुलगा असतो, त्याचा कापडाचा व्यापार. तो गाडी घेऊन आला आणि वडिलांना घेऊन गेला. दुकानाचं शटर ओढलं. सगळं दोन दिवसांत.

नाना तेव्हा फाटकाशी उभे होते. गाडी गेली तरी उभेच.

"पोरगा फार गोड बोलत होता," ते म्हणाले. "आठे काहीतरी शे."

पुढचे काही दिवस त्यांनी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. डॉक्टरवर, मुलावर, ते पोतं नको तिथे ठेवणाऱ्या हमालावर. मग संशयही आटला. संध्याकाळ झाली की चप्पल घालायचे, फाटकापर्यंत जायचे आणि चप्पल काढायचे. मला "बायपासले जाताय ना?" असं विचारणं बंद झालं. मीच एकदा म्हटलं, "नाना, जायचं का? नवीन काहीतरी योजना आहे म्हणे." तर म्हणाले, "असू दे. देत असतील स्वस्त."

हे ऐकून मला धक्का बसला. पण अक्का हादरल्या त्या वेगळ्याच गोष्टीने. एका सकाळी त्या कुंपणाशी आल्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मास्तर, काल हे कुठूनतरी सामान घेऊन आले. मी विचारलं, बिल कुठेय? म्हणाले, घेतलं नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुम्ही यांना एकदा धुळ्याला नेऊन आणा. मी सांगितलं असं सांगू नका. नाहीतर त्यातही काहीतरी शे म्हणतील."

रविवारी मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं की माझं धुळ्याला काम आहे, सोबत हवी. नानांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले.

एस.टी.त बसल्यावर वाहकाने तिकिटं दिली. नानांनी दोन्ही तिकिटं वाचली, तारीख पाहिली, खिशात घातली. एरंडोल गेलं. पारोळ्याच्या अलीकडे एकदम बोलायला लागले, खिडकीकडे बघत.

"चेकर गाडीत चढला की काय होतं माहीत आहे, मास्तर? गप्पा बंद होतात. वाहक गप्प, प्रवासी गप्प. ज्याच्याकडे तिकीट आहे तोही गप्प. डेपोच्या कँटीनमध्ये गेलो की टेबलं रिकामी व्हायची. नमस्कार साहेब, आणि उठून जायचे. मी काय चोर नव्हतो कोणी. पण सवय झाली. त्यांनाही, मलाही."

"हं," मी म्हटलं.

"ह्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा पहिल्या दिवशी साखर घ्यायला गेलो. मी म्हटलं, शेठ, साखरेबरोबर पुड्याचा कागदही तोलला तुम्ही. दुसरा कोणी असता तर 'चुकलं साहेब' म्हणाला असता आणि पाठीमागे शिव्या दिल्या असत्या. हा तोंडावर ओरडला. चालते व्हा म्हणे दुकानातून! निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो तर मागून हाक. 'ओ नाना, चहा उकळलाय, पिऊन मग चालते व्हा.'" ते किंचित हसले. "मला नाना म्हणणारा तो पहिला. तोवर मी साहेबच होतो."

शेठच्या मुलाचं घर देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर. सून दार उघडून अगत्याने आत घेऊन गेली. पाणी, चहा, खाकरे, सगळं आलं. मुलगाही भला वाटला. शेठ खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते, मांडीवर शाल, डोक्यावर टोपी नाही. टोपीशिवाय ते एकदम लहान दिसत होते. समोर टीव्ही चालू, आवाज बंद.

"या नाना," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

नाना समोर बसले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, औषधांच्या बाटल्यांवर थांबवली. "औषधं कुठून आणतात? छापील किमतीवर सूट देतो का?"

"मुलगा आणतो. देत असेल."

"देत असेल? बिल बघत नाही?"

"आता काय बघायचं," शेठ म्हणाले.

नाना खुर्चीच्या कडेला सरकले. "शेठ, तुमचा तराजू खोटा होता. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो."

"असेल, नाना."

"गुळात तुम्ही फार नफा खायचे."

"बराबर आहे तुमचं."

मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "असंच चाललंय. डॉक्टर म्हणतात उठवा, चालवा. हे सगळ्याला हो म्हणतात आणि हलत नाहीत. दुकान आता उघडणं शक्य नाही, गाळा भाड्याने देतोय मी. ते सांगितलं तेव्हाही हो म्हणाले."

नानांनी ते ऐकलं. ते उठले. मला वाटलं, निघायचं म्हणताहेत. पण त्यांनी शर्ट नीट केला, शेठच्या खुर्चीपुढे उभे राहिले आणि त्यांचा जुना आवाज काढला, पायरीवरचा.

"एक सांगायचं राहिलं, शेठ. आता आम्ही बायपासवरून शेंगदाणे घेतो. गल्लीतले सगळे घेतात. काय माल शे! आता समजलं, इतकी वर्षं आम्ही काय खात होतो. तुमचे शेंगदाणे खवट होते."

शेठनी मान वर केली.

"काय म्हणालात?"

"खवट. जुने. बठ्ठी कॉलनी म्हणते."

"कोण म्हणतं? नाव सांगा!"

"कशाले सांगू? बठ्ठे म्हणतात. तुम्ही खालचं पोतं वर आणि वरचं खाली करायचे."

"अरे, किसके खवट? माझे? केवलचंदचे शेंगदाणे खवट?" शेठच्या गळ्याच्या शिरा वर आल्या. "दाणा दाणा मी हाताने निवडायचो! तुमच्या बायपासवाल्याला माहीत तरी आहे का, शेंगदाणा जमिनीखाली लागतो की वर? बेटा, माझी काठी दे! काठी दे मला! ह्यांना जिन्यापर्यंत घालवून येतो मी!"

सून स्वयंपाकघरातून धावत आली. मुलगा पुढे झाला. शेठनी त्याचा हात झटकला, काठी घेतली, खुर्चीच्या हाताला रेटा दिला आणि थरथरत उभे राहिले. नाना दाराकडे मागे मागे सरकत होते आणि ओरडत होते, "खवट! खवट!" आणि शेठ एकेक पाऊल टाकत त्यांच्यामागे येत होते, चार भाषांत शिव्या देत. सून रडत होती की हसत होती, मला नीट दिसलं नाही. मुलगा मागे दोन्ही हात पसरून चालत होता, चालायला शिकणाऱ्या लहान मुलामागे चालतात तसा.

दारापाशी येऊन शेठ थांबले. चौकट धरली. धाप लागली होती, चेहरा लाल झाला होता.

"पुन्हा ह्या घरात येऊ नका," ते म्हणाले.

"रविवारी येतो," नाना म्हणाले. "धुळ्यातले भाव बघून."

जिना उतरताना नाना कठडा धरून उतरले. मुलगा खालपर्यंत सोडायला आला. त्याला काही बोलायचं होतं, पण नानांनी त्याच्याकडे अशा संशयाने बघितलं की तो नुसता हात जोडून उभा राहिला.

परतीच्या गाडीत उभं राहायची वेळ आली होती, पण एका पोरीने नानांना जागा दिली. पारोळ्याला मलाही शेजारी जागा मिळाली. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती. नाना डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, डुलकी लागली.

"मास्तर," ते डोळे न उघडता म्हणाले.

"काय नाना?"

"तेचे शेंगदाणे खवट नव्हते."

"मला माहीत आहे, नाना."

"एकदाही नव्हते," ते म्हणाले आणि तोंड खिडकीकडे वळवलं. "तेले सांगू नका."